जाळीवरचा चौकोनी तवा

मागच्या दिवाळीत मुलानं गॅसवरची एक पेटी आणली. उचलून कुठंही नेता येते, झाकण उघडलं की आत लोखंडी जाळी आणि जाळीखाली बर्नर. सोबत जाळीवर बसवायचा एक सपाट तवाही आला होता. गच्चीवर सून, नातवंडं, शेजारपाजारचे असे सगळे गोळा झाले. मुलानं तवा उचलून जाळीवर ठेवला तशी मी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बाजूला दोन बोटं जागा सोड." तो हसला. म्हणाला, "आई, तो मापातच केलेला असतो. जागा सुटलेलीच आहे." तरी मी वाकून दोन्हीकडून बोटं घालून पाहिली. सून म्हणाली, "आईंना हे कुठलं माहीत?" मी म्हटलं, "माहीत आहे," आणि खाली निघून आले. गुडघे दुखतात असं सांगितलं. माझे गुडघे हल्ली फार कामाला येतात.

अशा तव्यावर मी दोन वर्षं भाकरी केल्या, हे घरात कुणाला माहीत नाही. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. आणि त्या तव्यापायी मी एका बाईचं काय केलं हे तर ह्यांनाही मी कधी पुरतं सांगितलं नाही. ते जाऊनही आता सात वर्षं झाली. ती बाई गेल्याचं यंदा कळलं. आता सांगायला धीर आलाय असं नाही. न सांगायला सबब उरली नाही, एवढंच.

आम्ही वेरूळच्या मागच्या डोंगरातले. माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं. मी सातवीपर्यंत शिकले तेही शाळा कुरणाच्या वाटेवर होती म्हणून. लग्नानंतर दोन वर्षांत ह्यांनी मेंढरं धाकट्या भावाच्या गळ्यात घातली आणि वाळूजचा रस्ता धरला. तेव्हा वाळूजला जिकडं बघावं तिकडं कंपन्या उभ्या राहत होत्या. काल जिथं बाभळी होत्या तिथं आज तारेचं कुंपण, आणि थोड्याच दिवसांत भोंगा. ह्यांना एका कंपनीत टेंपरवारी काम मिळालं आणि बजाजनगरात पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत आम्हाला एक खोली मिळाली. मधली भिंत अशी, की शेजारी कुणी शिंकलं तर आमचं बाळ दचकायचं.

शेजारी म्हणजे आक्का. ती माझ्या नात्यातली नव्हती, पण मी तिला आक्काच म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला दाजी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी मी हंडा घेऊन पाण्याला गेले तर मागून म्हणाली, "पोरी, त्या नळाला नको लागू. त्यो नुसता सुसकारे टाकतो." तिथून आमचं जुळलं. कंपन्यांची बांधकामं चालायची तिथं ती घमेली उचलायला जायची. डोक्यावरचे केस मधोमध विरळ झाले होते. संध्याकाळी मान धरून बसायची आणि म्हणायची, "एक दिस हे घमेलं आसं भिरकावून देईन बघ, का मुकादमाच्या दारात पडलं पायजे."

तिच्या भिंतीवरच्या तसबिरी बघून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की ती बौद्ध समाजाची आहे. गावी असते तर तिच्या वस्तीत माझं पाऊल पडलं नसतं. इथं मी तिच्याकडं तास न् तास बसायचे, बाळ तिच्या मांडीवर टाकून बाजाराला जायचे. खात मात्र काही नव्हते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. माझे उपवास तिच्या उंबऱ्यावरच सुरू व्हायचे. आठवड्यात एवढे वार आणतेस कुठून, असं तिनं कधी विचारलं नाही. चहा पुढं करायची, मी नको म्हटलं की स्वतः पिऊन टाकायची.

दाजी एका कंपनीच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर माळीकाम करायचे. तिथं यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनीयर येऊन राहिला होता. त्याच्याकडं ही असली गॅसची पेटी होती. रोज संध्याकाळी हिरवळीवर मांडून तो त्यावर मांस भाजायचा, आणि भाजता भाजता दाजींना झाडांची नावं विचारायचा. परत जाताना त्यानं ती पेटी दाजींना देऊन टाकली. दाजींनी ती सायकलच्या कॅरियरला बांधून आणली तेव्हा अख्खी ओळ बघायला जमली. आक्का पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बॅग हाय का चूल?"

पण गाडा टाकायची कल्पना तिचीच. तीनच्या सुट्टीला कंपनीच्या गेटातून सातशे-आठशे माणूस एकदम बाहेर पडायचं आणि तेवढंच आत जायचं. बहुतेक गावाकडचे सडे गडी, खोलीवर जाऊन कच्चंपक्कं शिजवणारे. तिथं गरम भाकर, पिठलं, भाजलेलं वांगं मिळालं तर? "पेटी माझी, हात तुझा," ती म्हणाली. "तुझी भाकर पातळ हुती, माझी जाड. आन् मला आता घमेलं नगं." हे तिनं एवढ्या हळू आवाजात म्हटलं की मी वर बघितलं. या गाड्यात तिचं काय अडकलं होतं ते तेव्हा मला कळलं. मी चांगली भाकर करते म्हणून मला गंमत वाटत होती. तिची मान सुटणार होती.

गॅसची सोय दाजींनी एका छोट्या सिलिंडरवर केली. पहिल्या दिवशी घरीच करून बघितलं. मी भाकर थापली आणि सरळ जाळीवर टाकली. ज्वारीचं पीठ ते. गजांमधून खाली लोंबायला लागलं. उलटवायला गेले तर अर्धी भाकर हातात आणि अर्धी बर्नरवर. दुसरी थोडी जाड केली तर तिच्यावर काळे पट्टे उठले. आक्का हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "ही तर हर्सूलच्या जेलातनं सुटून आली." मग घरातला गोल तवा ठेवून बघितला. तो गजांवर डुगडुगायचा आणि एका वेळी एकच भाकर व्हायची. तीनच्या सुट्टीला एकेक भाकर देत बसलो असतो तर लोकांनी आम्हालाच खाल्लं असतं.

म्हणून पेटी घेऊन आम्ही दोघी बसनं शहरात गेलो. शहागंजच्या मागच्या गल्लीत एक वेल्डिंगवाले चाचा होते, दाजींच्या ओळखीचे. त्यांनी पेटी उघडली, दोन्ही लांबट बर्नर पेटवून बघितले, विझवले आणि मला विचारलं, "क्या पकाना है?" मी सांगितलं. त्यांनी भंगारातून एक जाड लोखंडी प्लेट काढली आणि खडूनं माप टाकलं. निम्मीच जाळी झाकेल एवढं. तीन बाजूंना बोटभर काठ वळवला, म्हणजे पीठ आणि पाणी खाली सांडणार नाही. पुढची बाजू मोकळी ठेवली, म्हणजे भाकर सरकवून काढता येईल. खालून चार ठिकाणी छोटे पाय जोडले. प्लेट जाळीवर मांडून त्यांनी चहूबाजूंनी आपली दोन बोटं फिरवून दाखवली. "इतनी जगा छोडना. पूरा नक्को ढाँको बेन. आग को भी साँस होना. नीचे की गरमी नीचेच घुमी तो नली पिघलती."

दोन दिवस तो तवा मुरवण्यात गेले. आधी विटकरीच्या भुकटीनं आणि चिंचेनं घासला. मग मंद आचेवर तापवून, अर्धा कांदा सुरीला खोचून त्यानं तेल फिरवलं. धूर निघाला, गार केला, पुन्हा तेल. तीनदा केल्यावर लोखंडाचा वास गेला आणि त्यावर काळी तकाकी आली. पहिल्या चार भाकरी गाईला घातल्या. गाईनं दोनच खाल्ल्या.

पण त्यानंतर तो तवा जो लागला तो लागला. त्याचं एक तंत्र होतं आणि ते आम्ही दोघींनी मिळून काढलं. चौकोनी तव्याची आच सगळीकडं सारखी नसते. बर्नरच्या वर मधोमध कडक, काठाला मऊ. पाण्याचे चार थेंब टाकायचे. बसून राहिले तर तवा गार, टाकताच नाहीसे झाले तर जास्त तापला, आणि थेंब इकडून तिकडं पळायला लागले की भाकर टाकायची. मी थापलेली भाकर आधी काठाला टाकायचे, वरून पाण्याचा हात फिरवायचे, पाणी सुकलं की उलटून मधे आणायचे. असे चार भाकरींचे चार मुक्काम. आणि मधल्या मुक्कामावरून भाकर सरळ उजवीकडं, उघड्या जाळीवर. तिथं आक्का उभी. ती नुसत्या बोटांनी भाकर गजांवर फिरवायची, विस्तवाच्या जिभा थेट लागायच्या आणि भाकर टम्म फुगायची. तव्यावर ती तशी कधीच फुगत नाही. उरलेल्या जाळीवर तिची वांगी आणि मिरच्या भाजत असायच्या. एकेक भाकर माझ्या हातातून तिच्या हातात आणि तिच्या हातातून ताटलीत. बोलायचीही गरज नसायची. मी सरकवली की ती घ्यायची.

तो गाडा चालला. दीड वर्ष असा चालला की गेटावरचा वॉचमन आमच्या नावानं वेळ सांगायचा. आक्कानं घमेलं खरंच टाकलं. मुकादमाच्या दारात नाही, पण खोलीमागं पालथं घालून त्यावर तुळस ठेवली. पुढं पुढं ती गाड्यामागं उभी राहून गिऱ्हाइकांना दटावायची. "पिठलं वाढून घेताना लाज वाटत नाय, आन् ताटली ठिवताना वाकाया हुईना व्हय रं?" मोठमोठे गडी निमूट वाकून ताटल्या ठेवायचे. मला ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, आणि लगेच वाईट वाटतं.

विद्यापीठाच्या नामांतराचं प्रकरण तेव्हा पुन्हा तापलं होतं. मोर्चे निघत होते, बंद होत होते, एसटीच्या काचा फुटत होत्या. गावोगावच्या वस्त्यांवर काय काय झालं ते दबक्या आवाजात गाड्यापर्यंत यायचं. आम्ही दोघी त्यावर बोलत नव्हतो. एकदा मी नुसतं म्हटलं, "नावासाठी एवढं कशाला गं?" तर आक्का वांग्याचं साल काढता काढता म्हणाली, "तुला हाय ना नाव."

मग दाजी मोर्चात धरले गेले. खूप जण होते, आठ-दहा दिवस हर्सूलच्या जेलात ठेवलं. तीनच्या सुट्टीला एका गड्यानं सहज विचारलं, "आक्का, दाजी दिसनात? गावाला गेले का?" मी पटकन "व्हय" म्हणणार होते. पण आक्का आधी बोलली, आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात बोलली. "हर्सूलला हायेत. नामांतरात धरलं त्यास्नी." भाकर तिच्या हातात होती. ती तिनं त्याच्या ताटलीत ठेवली. त्यानं ती बघितली, आणि सावकाश खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक निम्मं. तिसऱ्या दिवशी त्याच्याही निम्मं. गाड्यावर जेवणाऱ्यांत ह्यांचे एक चुलत भाऊ होते, त्याच कंपनीत कामाला. गावाकडची पंधरा-वीस पोरं त्यांच्याच शब्दावर आमच्याकडं येत. मी त्यांना भावजी म्हणायचे. ते संध्याकाळी खोलीवर आले. चहा घेतला, बाळाला खेळवलं आणि उठता उठता म्हणाले, "वहिनी, भाकर तुमच्या हातची आसंल तर कुणाची ना नाय. पर ती जाळीवर कोन टाकतं?" हे खाली मान घालून बसले होते. भावजी गेल्यावर म्हणाले, "गाडा बुडवायचा का चालवायचा ते तू ठरव." आणि बाहेर बिडी ओढायला गेले. ठरवायची वेळ आली की ह्यांना नेहमी बिडी आठवायची.

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर मला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मी झोपले. सकाळी उठले तेव्हा डोक्यात उत्तर तयार होतं, आणि ते मला शहाणपणाचंही वाटलं. जाळीच नको. सगळ्या पेटीवर एकच मोठा तवा करायचा. म्हणजे भाकर थापण्यापासून काढेपर्यंत माझ्याच हातात राहील आणि आक्काला हलवायलाही नको. ती गाड्यावरच राहील, फक्त भाकरीला हात लावणार नाही. तिची जागा वाचवायचा हा मार्ग आहे, असं मी स्वतःला समजावलं.

आक्काला मी सांगितलं, "जाळी बंद करावी म्हणते. सगळा तवाच केला तर आठ भाकरी बसतील." ती मिरच्या निवडत होती. म्हणाली, "आन् फुगंल कशी?" "कापडानं दाबून फुगवीन." मग तिनं माझ्याकडं बघितलं. एवढंच बघितलं. म्हणाली, "कर तुला जमंल तसं."

मी पुन्हा चाचांकडं गेले. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "नक्को बेन. मै नहीं बनाता." मी म्हटलं, काठाला एक बोट सोडा. त्यांनी पेटीचं झाकण लावून ती माझ्या पुढं सरकवली आणि चष्मा वर करून विचारलं, "जाली में क्या खराबी है?" त्या बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं. किंवा कळत असेल. मी पेटी उचलली आणि वाळूजला रस्त्याकडेच्या एका दुकानात दिली. त्यानं काही विचारलं नाही. तासाभरात तवा कापून दिला, पेटीच्या काठापासून काठापर्यंत, फट नाही की पाय नाहीत.

गिऱ्हाईक आठवड्यात परत आलं. भावजी पोरांना घेऊन आले, वर म्हणाले, "आता कसं." मी आठ भाकरी एकदम टाकत होते. त्या फुगत नव्हत्या, कापडानं दाबल्या तरी एखादा फोड यायचा आणि बसायचा. कुणी तक्रार केली नाही. भाकर बसकी आहे याचं त्यांना काही नव्हतं. आक्काला मी गाड्याखाली, सिलिंडरपाशी बसवलं होतं. वारा आला की पत्रा आडवा धरायचा, मी सांगेन तसा कॉक कमीजास्त करायचा. वांगी चिरते म्हणाली तर मी म्हटलं, "राहू दे, घरनं चिरून आणते मी." ताटल्याही मीच मांडायला लागले. ती कुणाला दटावत नव्हती. गड्यांना खालून तिचा आवाज आला असता तर विचित्र वाटलं असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती खालून म्हणाली, "बाय, खालनं लई तापतंय गं. कॉकाला हात लावू वाटंना." पेटीच्या बुडाचा रंग फुगून निघायला लागला होता. ते मीही बघितलं होतं. मी म्हटलं, "तापलं म्हंजी भाकर लवकर हुती." हे वाक्य माझं आहे. मी त्याच्यात काही बदल केलेला नाही.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी वारा होता. तीनची सुट्टी नुकतीच सुटली होती. एका बाजूचा बर्नर विझला. वर सगळा तवा, त्यामुळं मला दिसलं नाही. गॅस खाली कोंडत राहिला आणि दुसऱ्या बर्नरवरून त्यानं एकदम पेट घेतला. भप्पकन आवाज झाला आणि जाळ खालच्या बाजूनं बाहेर आला, नळीपर्यंत. मी मागं उडी मारली. बाळ घरी होतं, नाहीतर मी त्यालाही तिथंच सोडून उडी मारली असती की काय, असं मला पुढं कितीतरी वेळा वाटलं. आक्का हलली नाही. ती सिलिंडरला अगदी लागून बसली होती, भोवती माणसं होती. तिनं जाळात हात घातला आणि कॉक फिरवला. तो लगेच फिरला नाही. तापून घट्ट बसला होता. तिनं दुसऱ्यांदा जोर लावला.

तिला उचललं भावजींनी. तेच भावजी. पिण्याच्या पाण्याची घागर त्यांनी तिच्या हातावर रिकामी केली, तिला लेकरासारखं दोन्ही हातांवर घेऊन टेंपोत घातलं आणि सरकारी दवाखान्यापर्यंत तिचं डोकं मांडीवर धरून बसले. मला त्यांच्याबद्दल काय म्हणावं ते आजही ठरवता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "माझाच हात चुकला साहेब. कॉक उलटा फिरला." दाजी तेव्हा जेलातून सुटून आलेले होते. ते दुसऱ्या दिवशी गाड्यावर गेले, मोठ्या तव्याच्या कडेनं बोटं फिरवून फट कुठं आहे ते शोधलं. नव्हतीच. त्यांनी तवा उचलून जमिनीवर ठेवला आणि ते निघून गेले. मी आक्काकडं जाऊन रडले. ती पलंगावर पडून होती, उजवा हात पांढऱ्या पट्टीत. मी म्हटलं, "आक्का, तो तवा मी कशापायी केला..." तिनं डाव्या हातानं माझा हात दाबला. "ठावं हाय मला. पयल्या दिसापासनं ठावं हाय."

"मग तू का बसलीस खाली?"

"उठून कुठं जाऊ, बाय? घमेल्याकडं?"

मी तिला म्हणाले, तू बरी होऊन ये, तुझी जागा तुझ्यासाठी ठेवते. शपथ घेऊन म्हणाले. ती म्हणाली, "गाडा बंद पडू दिऊ नको. मी येते." आणि मी गाडा बंद पडू दिला नाही. नवी नळी घातली, चाचांनी केलेला निम्मा तवा पुन्हा काढला, दुसरी निम्मी जाळी उघडी ठेवली. आता जाळीपाशीही मीच होते, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. मी भाकर सरकवायचे आणि उजवीकडं जाऊन मीच ती घ्यायचे. भाकरी पुन्हा फुगायला लागल्या. गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा वाढलं. पेटी आक्काचीच होती. मी दाजींना एकदा विचारलं, घेऊन जाता का? ते म्हणाले, "ती येणार म्हणती."

दोन महिन्यांनी ती आली. तीनच्या सुट्टीला, गर्दी अगदी भरात असताना. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले, पदर कमरेला खोचलेला. उजव्या हाताची कातडी गुलाबी झाली होती आणि बोटं अर्धवट वाकून तशीच राहिली होती. जेवायला येणारी बाई पदर खोचून येत नाही. ती कामावर आली होती. गाड्याच्या पलीकडं, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहून ती माझ्या उजवीकडच्या मोकळ्या जागेकडं बघत होती, मी 'ये' म्हणायची वाट बघत.

समोर भावजी होते, त्यांची पोरं होती. सगळ्यांनी तिला बघितलं आणि सगळ्यांनी ताटलीत बघितलं. कुणी तिला जा म्हटलं नाही. त्या वेळी मी हाताला धरून तिला आत घेतलं असतं तर फार तर चार जण ताटल्या ठेवून गेले असते. कदाचित तेही गेले नसते. भावजींनी तिला उचलून नेलं होतं. मला हे सगळं तेव्हाही कळत होतं.

माझ्या तोंडून निघालं, "काय देऊ?"

 मग तिनं कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावरून घेतला. म्हणाली, "भाकर दे, बाय."

धुतलेल्या ताटल्यांची चळत माझ्या हाताशी होती. दहा-बारा तरी असतील. माझा हात त्या चळतीकडं गेला आणि तिथून वळला. मी पिठाच्या डब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढला, त्याचा तुकडा फाडला, त्यावर भाकर आणि ठेचा ठेवला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, कारण एका हातानं तिला धरता येत नव्हतं. बाजूला जाऊन, उभ्यानं, वाकड्या बोटांनी तुकडे मोडत तिनं ती अख्खी भाकर खाल्ली. मग तिनं त्या कागदाची घडी केली आणि ती सोबत घेऊन गेली, मला उचलावी लागू नये म्हणून.